अभियंता व्हायचे तर

अंबाडी हे भिवंडी तालुक्यातील एक गाव. भिवंडीहून वाड्याकडे जाणारा मार्ग येथून जातो आणि येथूनच एक फाटा वज्रेश्वरी-गणेशपुरीकडे वळतो. अंबाडीच्या नाक्यावर घटकाभर उभे राहिले, म्हणजे पाहण्यासारखे पुष्कळ असते. मालाने भरलेल्या मालमोटारी जातात. कारखान्यांतील पाळी संपवून कामगार घरी परततात. वज्रेश्वरीच्या दर्शनाला निघालेली माणसे एस. टी.ची वाट पाहत उभी असतात. रस्त्याच्या कडेने विजेच्या तारा गेलेल्या असतात. त्याच विजेवर तिकडे भिवंडीत हजारो यंत्रमाग रात्रंदिवस खडखडत असतात. याच भागातून तानसा नदी वाहते. तिच्यावर शहापूर तालुक्यात १८९२ साली पूर्ण झालेले धरण आजही मुंबईकरांची तहान भागवीत आहे.

हा रस्ता, ही वीज, हे माग आणि हे धरण कोणी केले, असे विचारले, तर तुम्ही चटकन म्हणाल, ‘‘इंजिनिअरने !’’ हे उत्तर चूक नाही. पण ते अर्धेच आहे. इंजिनिअर म्हणजे अभियंता. परंतु अभियंता हा काही एकटाच काम करणारा माणूस नव्हे. त्याच्या मागे, पुढे आणि बरोबर अनेक जाणते हात राबत असतात. त्या प्रत्येकाचे शिक्षण वेगळे आणि जबाबदारीही वेगळी असते. हे सारे कोण, आणि त्यांच्यासारखे व्हायचे तर कोणत्या वाटेने जावे, ते आपण आता पाहू.

एक साधे उदाहरण घेऊ. ओढ्यापलीकडे एक पाडा आहे. ओढ्यावर बुटकी फरशी आहे. पावसाळ्यात तीवरून पाणी वाहू लागले, की पाड्याचा गावाशी संबंध तुटतो. मुलांची शाळा बुडते. कोणी आजारी पडले, तर त्याला झोळीत घालून, छातीएवढ्या पाण्यातून न्यावे लागते. शेवटी तेथे पूल बांधण्याचे ठरते. मग कोण कोण कामाला लागते ?

प्रथम येतो सर्वेक्षक. तो ओढ्याची रुंदी मोजतो, जमिनीचा चढउतार टिपतो आणि पुराचे पाणी कोठवर येते याची खूण म्हाताऱ्या माणसांना विचारून नोंदवितो. त्यानंतर जमिनीत भोके पाडून खडक किती खोल आहे ते तपासतात. ही माहिती संकल्पचित्र करणाऱ्या अभियंत्याकडे जाते. पुलावरून किती वजनाच्या गाड्या जातील, पुराच्या पाण्याचा रेटा किती असेल, खांब किती जाड हवेत, त्यांत सळया किती व कोठे घालाव्यात, हे तो गणिताने ठरवितो. आरेखक त्याचे नकाशे काढतो. मग खर्चाचे अंदाजपत्रक होते.

प्रत्यक्ष काम सुरू झाले, की जागेवर उभा राहतो तो कनिष्ठ अभियंता. वाळूत माती तर नाही ना, सिमेंट ओले तर झाले नाही ना, सळया नकाशाप्रमाणे बांधल्या आहेत ना, हे तो पाहतो. झालेल्या कामाची मापे मोजमाप पुस्तकात लिहितो. ओतलेल्या काँक्रीटमधून थोडे घेऊन तो पंधरा सेंटिमीटर लांबी, रुंदी व उंचीचे ठोकळे करवितो. सात दिवसांनी आणि अठ्ठावीस दिवसांनी हे ठोकळे यंत्राखाली फुटेपर्यंत दाबतात. किती भाराखाली ठोकळा फुटला, त्यावरून पुलाचे काँक्रीट कितपत मजबूत आहे ते कळते. आणि या सर्वांबरोबर तेथे सळया वाकविणारे, साचे ठोकणारे, लोखंडाचे सांधे जोडणारे आणि पंप चालविणारे कारागीर असतात. त्यांच्या हाताला वळण नसेल, तर कागदावरचा उत्तम पूलही ओढ्यावर वाईटच उभा राहील.

यांपैकी एकाने जरी चुकारपणा केला, तरी त्याची किंमत तिसऱ्याच माणसाला मोजावी लागते. १२ जुलै १९६१ रोजी पुण्याजवळचे पानशेत धरण फुटले. त्यात पाणी साठविण्याचा तो पहिलाच पावसाळा होता. त्या लोंढ्यापुढे खालचे खडकवासल्याचे धरणही टिकले नाही आणि नदीकाठचे पुणे पाण्याखाली गेले. ज्यांची घरे वाहून गेली, त्यांनी धरणाचा एक दगडही रचला नव्हता. म्हणूनच अभियांत्रिकीच्या कामात ‘चालेल’ या शब्दाला जागा नाही आणि म्हणूनच हे काम करणाऱ्याला ठराविक शिक्षण घेऊन, परीक्षा देऊन, आपली पात्रता सिद्ध करावी लागते.

हे शिक्षण घेण्याच्या आपल्या राज्यात मुख्यतः तीन वाटा आहेत.

पहिली वाट कारागिराची. दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘आय. टी. आय.’मध्ये, प्रवेश घेता येतो. कारागिरांना शिक्षण देण्याची ही योजना देशात १९५० साली सुरू झाली. ठाणे जिल्ह्यात ठाणे, अंबरनाथ अशा ठिकाणी शासनाच्या अशा संस्था आहेत. तेथे वेगवेगळे व्यवसाय शिकवितात. जोडारी म्हणजे फिटर, कातारी म्हणजे टर्नर, संधाता म्हणजे वेल्डर, वीजतंत्री म्हणजे इलेक्ट्रिशियन आणि तारतंत्री म्हणजे वायरमन. संधात्याचा अभ्यासक्रम एक वर्षाचा असतो. जोडारी व वीजतंत्री यांचा दोन वर्षांचा. संधाता आणि तारतंत्री यांसारख्या काही थोड्या व्यवसायांना दहावीत अनुत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांनाही प्रवेश मिळतो. येथे वहीपेक्षा हत्यार अधिक वेळ हातात असते. लोखंडाचा तुकडा कानशीने घासून अचूक मापाचा करणे हा जोडाऱ्याचा पहिला धडा असतो. तो धडा सोपा वाटतो. पण कोपरा काटकोनात येईपर्यंत हाताला फोड येतात!

अभ्यासक्रम संपल्यावर परीक्षा होते आणि देशभर मान्य असलेले प्रमाणपत्र मिळते. त्यानंतर पुष्कळ जण एखाद्या कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून काम करतात. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याप्रमाणे या काळात त्यांना विद्यावेतन मिळते. पुढे ते कारखान्यात, रेल्वेत किंवा वीज कंपनीत तंत्रज्ञ होतात. अनुभव वाढला, की पर्यवेक्षक होतात. काही जण स्वतःचे दुकान थाटतात. मात्र घराघरांत वीजजोडणीचे काम करायचे, तर केवळ कसब पुरत नाही. त्यासाठी शासनाचा परवाना घ्यावा लागतो. कारण तार चुकीची जोडली गेली, तर दिवा लागत नाही एवढेच होत नाही. माणूस प्राणाला मुकतो.

दुसरी वाट पदविकेची. दहावीच्या गुणांवर तंत्रनिकेतनात प्रवेश मिळतो आणि तीन वर्षांनी अभियांत्रिकीची पदविका, म्हणजे डिप्लोमा, हाती येतो. या परीक्षा १९६३ साली स्थापन झालेले महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ घेते. मुंबईत वांद्रे येथे शासकीय तंत्रनिकेतन आहे. राज्यात इतरत्रही अशी पुष्कळ तंत्रनिकेतने आहेत. पदविकाधारक हा अभियंता आणि कारागीर यांना जोडणारा दुवा होय. त्याला नकाशा वाचता येतो, आकडेमोड येते आणि यंत्राला हात लावण्याची भीतीही वाटत नाही. आपल्या पुलावर मापे घेत उभा असलेला कनिष्ठ अभियंता बहुधा याच वाटेने आलेला असतो. शासनाच्या बांधकाम व जलसंपदा या खात्यांत स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका घेतलेल्यांना कनिष्ठ अभियंता होता येते.

तिसरी वाट पदवीची. येथे दहावीनंतर विज्ञान शाखेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित हे विषय घेऊन बारावी व्हावे लागते. त्याबरोबर प्रवेश परीक्षा द्यावी लागते. महाराष्ट्रातील महाविद्यालयांसाठी राज्याची सी. ई. टी. आणि केंद्राच्या संस्थांसाठी जे. ई. ई. अशा या परीक्षा असतात. पदवीचा अभ्यास चार वर्षांचा. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा आरंभ १८५४ साली एका लहानशा वर्गापासून झाला. मुंबईत माटुंग्याची तंत्रशिक्षण संस्था १८८७ साली निघाली. ती आज वीरमाता जिजाबाईंच्या नावाने ओळखली जाते. पवईची भारतीय तंत्रज्ञान संस्था १९५८ सालची. पदवीनंतर लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन शासनात सहायक अभियंता होता येते. तेथून उपअभियंता, कार्यकारी अभियंता, अधीक्षक अभियंता आणि मुख्य अभियंता अशा पायऱ्या चढता येतात. ज्यांना संशोधन करावयाचे असेल, ते ‘गेट’ ही परीक्षा देऊन पदव्युत्तर शिक्षण घेतात व पुढे संशोधक किंवा प्राध्यापक होतात.

आता तुमच्या मनात एक शंका आली असेल. दहावीला एक वाट धरली, की बाकीच्या दोन कायमच्या बंद होतात काय ? पुष्कळ घरांत असाच समज आहे. मुलगा आय. टी. आय.ला गेला, म्हणजे त्याचे मोठे शिक्षण संपले, असे मानून आईबाप उसासा टाकतात. हा समज खरा नाही. या तीन वाटांच्या मध्येही पूल बांधलेले आहेत.

दोन वर्षांचा आय. टी. आय. अभ्यासक्रम केलेल्या विद्यार्थ्याला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो. पदविका मिळविलेल्या विद्यार्थ्याला पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो. आता आपण हिशेब करून पाहू. तीन मैत्रिणी एकाच वर्षी, सोळाव्या वर्षी, दहावी झाल्या असे समजा. पहिली बारावी होऊन पदवीला गेली. दोन आणि चार मिळून सहा वर्षे. ती बाविसाव्या वर्षी अभियंता झाली. दुसरी पदविकेला गेली. तीन वर्षे पदविकेची आणि थेट दुसऱ्या वर्षात गेल्यामुळे पदवीची तीनच. तीही बाविसाव्या वर्षीच अभियंता झाली. तिसरी वीजतंत्रीचा व्यवसाय शिकली. दोन वर्षे त्याची, दोन पदविकेची आणि तीन पदवीची, अशी सात वर्षे. ती तेविसाव्या वर्षी अभियंता झाली. म्हणजे लांबच्या वाटेने येणारीला अवघे एक वर्ष अधिक लागले. आणि वाटेत दोनदा अशी वेळ आली, की घरी अडचण पडली असती, तर ती थांबून कमावू शकली असती.

अर्थात हे पूल आयते ओलांडता येत नाहीत. तेथेही जागा मोजक्या असतात आणि गुण चांगले असावे लागतात. शिवाय पदविका घेऊन पदवीच्या वर्गात बसणाऱ्याला पहिल्या वर्षाचे गणित स्वतः भरून काढावे लागते. हाताने शिकलेल्या मुलीला तेथे गणिताशी झुंजावे लागते. तर थेट पदवीला आलेली मुलगी यंत्र उघडायची वेळ आली, की तिच्याकडे पाहू लागते. प्रत्येक वाट काही देते आणि काही राखून ठेवते.

वाट निवडली, तरी शाखा निवडायची राहतेच. रस्ते, पूल, धरणे व इमारती हे स्थापत्य अभियांत्रिकीचे क्षेत्र. यंत्रे आणि वाहने हे यंत्र अभियांत्रिकीचे. वीज निर्माण करणे, ती वाहून नेणे व वापरणे हे विद्युत अभियांत्रिकीचे. संगणकाला काम सांगणे हे संगणक अभियांत्रिकीचे. औषधे, रंग, खते मोठ्या प्रमाणावर तयार करणे हे रासायनिक अभियांत्रिकीचे. आणि कापडाचेही एक शास्त्र आहे. त्याला वस्त्र अभियांत्रिकी म्हणतात. भिवंडी तालुक्यातील मुलांनी हे विशेष लक्षात ठेवावे. ज्या मागाचा खडखडाट आपण रोज ऐकतो, त्यात धागा का तुटतो, धोटा किती वेगाने धावतो, वीज कमी लागेल असा माग कसा करता येईल, या प्रश्नांची उत्तरे शोधणारे लोक वस्त्र, यंत्र आणि विद्युत अशा तिन्ही शाखांतून लागतात. शाखा निवडताना ‘शेजारचा कोठे गेला ?’ असे विचारू नये. ‘मला कोणत्या प्रश्नाने झोप येत नाही?’ असे विचारावे.

आपल्या आधी या वाटांनी गेलेल्या काही माणसांची ओळख करून घेऊ.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या लहान असतानाच त्यांचे वडील वारले. बंगळूरला शिकवण्या करून त्यांनी शिक्षण पुरे केले. पुढे म्हैसूर संस्थानची शिष्यवृत्ती मिळवून ते पुण्याला आले आणि १८८३ साली अभियांत्रिकीच्या परीक्षेत पहिले आले. १८८४ साली ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता झाले. नाशिक, धुळे या भागांत त्यांनी काम केले. खडकवासल्याच्या धरणातील जादा पाणी सांडव्यावरून वाहून जात असे. धरण न वाढविता अधिक पाणी कसे साठवावे, हा प्रश्न होता. विश्वेश्वरय्यांनी आपोआप चालणारी दारे योजिली. पाणी ठराविक उंचीवर चढले, की दारे स्वतःच उघडत. पाणी उतरले, की स्वतःच मिटत. १९०३ साली ही दारे तेथे बसली. १९५५ साली त्यांना ‘भारतरत्न’ हा किताब मिळाला. त्यांचा जन्मदिवस, १५ सप्टेंबर, आपण अभियंता दिन म्हणून पाळतो.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांची वाट निराळी. त्यांच्याजवळ अभियांत्रिकीची पदवी नव्हती. ते मुंबईला चित्रकला शिकावयास गेले; पण त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत, असे आढळून आले. चित्रकार होण्याची आशा मावळली. मग त्यांनी यंत्रांच्या आरेखनाकडे लक्ष वळविले आणि पुढे आज जिजाबाईंच्या नावाने चालणाऱ्या त्याच मुंबईच्या संस्थेत ते शिक्षक झाले. नंतर बेळगावात त्यांनी सायकलींचे दुकान काढले. कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर तयार केले. १९१० साली औंध संस्थानाच्या आधाराने, माळरानावर किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा राहिला. जे दार बंद झाले, त्याच्यापुढे ते रडत बसले नाहीत. रेघ ओढण्याची जी कला हाती होती, तिला त्यांनी दुसऱ्या कामाला लावले.

आणि हे काम मुलांचेच, असे कोणी म्हणत असेल, तर त्याला ए. ललिता यांची गोष्ट सांगावी. मद्रासच्या या मुलीचे लग्न लवकर झाले आणि अठराव्या वर्षी, पदरी तान्ही मुलगी असताना, तिला वैधव्य आले. तशा स्थितीत तिने गिंडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश मिळविला आणि १९४३ साली विद्युत अभियांत्रिकीचे शिक्षण पूर्ण केले. तोवर मुली तेथे शिकतील, अशी कोणाची कल्पनाच नव्हती. त्यामुळे प्रमाणपत्रावर ‘तो’ हाच शब्द छापलेला होता. तो हाताने खोडून त्या जागी ‘ती’ असे लिहावे लागले. आज तसे खोडावे लागत नाही. महाराष्ट्रात तर २०२४ साली शासनाने, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क माफ केले आहे. इतरही शिष्यवृत्त्या आहेत. ‘पैसे नाहीत’ एवढ्यावर प्रश्न सोडून देण्यापूर्वी शाळेत गुरुजींकडे किंवा बाईंकडे चौकशी अवश्य करावी.

मुलांनो, तुमची दहावी अजून दूर आहे. मग आज काय करावे ? गणिताचे उत्तर पाठ न करता ते कसे आले हे समजून घ्यावे. पट्टी आणि कंपास घेऊन आपल्या वर्गाचा नकाशा काढावा. मापे खरी घ्यावीत. सायकलची साखळी उतरली, तर ती स्वतः चढवावी. विजेच्या जोडणीशी मात्र खेळू नये. ते शिकविणाऱ्याच्या देखत शिकावे. आपले म्हणणे थोड्या, स्वच्छ शब्दांत लिहिण्याची सवय करावी. कारण ज्या अभियंत्याची सूचना कारागिराला कळत नाही, त्याचे गणित बरोबर असूनही काम चुकते. आणि मोजलेले माप आपल्या सोयीसाठी कधीही बदलू नये. या गोष्टी आज वर्गात शिकता येतात. पुढे कोणत्याही महाविद्यालयात त्या नव्याने मिळत नाहीत.

टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, असे आपण म्हणतो. पण टाकी चालविणाऱ्या हाताचे मोल आपण विसरतो. कारागीर, पदविकाधारक व पदवीधर यांत उच्च कोण आणि नीच कोण, असा प्रश्नच चुकीचा आहे. आषाढातल्या एखाद्या रात्री ओढा दुथडी भरून वाहत असेल. पाड्यावरून आजारी माणसाला घेऊन एक गाडी पुलावर येईल आणि न थांबता पलीकडे जाईल. गाडीतल्या माणसांना पूल कोणी बांधला हे ठाऊक नसेल. परंतु ज्याने मापे घेतली, ज्याने गणित केले, ज्याने सळई बांधली आणि ज्याने काँक्रीटवर वेळेवर पाणी मारले, त्या सर्वांनी मिळून त्या रात्री एक जीव वाचविलेला असेल. त्यांच्यापैकी एक होणे, हेच अभियंता होण्याचे खरे प्रयोजन होय.